उरलेल्या धगीवरचे चुंबक

३ तारीख, सोमवार

आज आलेले सामान आणि त्याची किंमत :
गोल चपटे चुंबक, चारशे नग : तीन हजार दोनशे.
लोखंडी टिकल्या, तेवढ्याच : चारशे.
दोन नळ्यांचा गोंद, मोठी जोडी : तीनशे साठ.
सुताराकडचे लाकडाचे तुकडे, एक पोते : फुकट, पण पोते परत द्यायचे.
हमाल : चाळीस. त्याने पन्नास मागितले होते. मी आधी गार पाणी दिले, मग चाळीस दिले.

एकूण चार हजार. देवा, तूच बघ. खोक्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे. ते मी दोनदा वाचले, ह्यांनी एकदाही नाही.

ह्यांचा फर्निचरचा कारखाना बंद पडून वर्ष होत आले. तिथे हे नकाशे काढायचे. आता घरी बसून ह्यांच्या डोक्यात आले आहे की कपाटाच्या दाराला कडी नको, खिटी नको. लाकडाच्या छोट्या ठोकळ्यात चुंबक बसवायचा, दाराला आतून लोखंडी टिकली लावायची. दार ढकलले की टप्प करून चिकटते, ओढले की सुटते. नव्या इमारतीच्या कंत्राटदाराने सांगितले आहे की आधी एक स्वयंपाकघर करून दाखवा, आमच्या मंडळींना पसंत पडले तर सबंध इमारत तुमची.

आणि नाही पडले, तर पुढच्या महिन्यापासून ह्यांनी धाकट्या भावोजींच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. भावोजींनी स्टूल रंगवूनसुद्धा ठेवले आहे. ज्याला ह्यांनी बोट धरून चालायला शिकवले, त्याने ह्यांना स्टूल द्यावे. त्यावर हे काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवणात मीठ नव्हते, तेही बोलले नाहीत. मला ते जास्त लागले.

६ तारीख, गुरुवार

चुंबक सुटे करणे हे येरागबाळ्याचे काम नाही. दोन नग जवळ आले की झडप घालून एक होतात. मध्ये ह्यांच्या बोटाचे कातडे सापडले, तर ह्यांनी असा शब्द काढला की मी देवाकडे पाहून कान धरले. आणि तेच दोघे, एकाला उलटा फिरवला की एकमेकांपासून दूर पळतात, कितीही दाबा. सासूबाई विणता विणता म्हणाल्या, माणसांचेही असेच आहे, तोंड फिरवायचा अवकाश.

ह्यांनी त्यांना एक सुटा चुंबक दिला. त्यांनी तो शेगडीच्या अंगाला, ओव्हनच्या दाराशेजारी चिकटवला आणि त्यावर आपली विणकामाची कात्री लटकवली. कात्री सारखी हरवते म्हणून त्या घरात सगळ्यांवर संशय घेत असतात. आता घरात शांतता नांदेल.

मीही एक घेतला आणि डबेभांडी तपासत सुटले. तांब्याला चिकटत नाही, पितळेला नाही, ॲल्युमिनियमला नाही. उंची स्टीलच्या पातेल्याला ढुंकूनही विचारत नाही, हलक्या स्टीलला मात्र लगेच बिलगतो. हे म्हणाले, ह्यात नवल काही नाही, लोखंड लोखंडाला ओळखते. दुपारपर्यंत माझा चांगला विरंगुळा झाला. मग देवापुढचा दिवा घासायला घेतला आणि सहज चुंबक लावला.

टक्.

हा दिवा भावोजींनी दुकान काढले तेव्हा दिला होता. “शुद्ध पितळ आहे वहिनी, तुमच्या सुनासुद्धा घासतील.” इतकी वर्षे मी तो लिंबू लावून घासते आहे. आत लोखंड, वर पितळेचा मुलामा. मी देवासमोर बसून विचार केला, की तू इतकी वर्षे काही बोलला नाहीस, म्हणजे ज्योत तरी खरी मानलीस. पण माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. ह्यांनी त्या दुकानात बसायचे म्हणजे असलेच दिवे शुद्ध म्हणून विकायचे. ह्यांना खोटे बोलता येत नाही. बोलायला गेले की कान लाल होतात.

९ तारीख, रविवार

भावोजी चहाला आले. स्टुलावर आता गादीही घातली आहे म्हणाले. मी काही बोलायचे नाही असे ठरवले होते. सासूबाईंनी तसे काही ठरवलेले नव्हते.

त्यांनी दिवा आणून मधोमध ठेवला, त्याला चुंबक चिकटवला आणि चेहरा लहान मुलासारखा केला.

“अरे, तुझ्या दादाचा शोध बघितलास का? पितळेला चिकटणारा मॅग्नेट. जगात कुठे नाही म्हणतात.”

भावोजी दिव्याकडे पाहत राहिले. दिवा लोखंडी म्हणावे तर स्वतःची अब्रू जाते, पितळी म्हणावे तर दादांचा शोध खरा ठरतो. शेवटी म्हणाले, “कमाल आहे,” आणि चहा तोंड भाजेल इतका भराभर प्यायले. हे तोंडाला पंचा लावून गॅलरीत खोकायला गेले. पुष्कळ वेळ खोकत होते.

१२ तारीख, बुधवार

पहिले स्वयंपाकघर बसवले आणि आमची शोभा झाली.

चुंबक घेतानाच ह्यांनी, घ्यायचे तर जोरकस घ्यावे, म्हणून सगळ्यांत दांडगे घेतले होते. दारे अशी मिटली की उघडेनात. कंत्राटदाराची बायको, तिला मी कंत्राटदारीणबाई म्हणते, मसाल्याचे कपाट ओढू लागली. दार जागचे हलले नाही, मूठ मात्र तिच्या हातात आली. ती मूठ हातात धरून तिने ह्यांना विचारले, “काका, हे स्वयंपाकघर आहे की बँकेची तिजोरी?”

ह्यांनी चुंबकावर बनातीच्या जाड कापडाचे तुकडे चिकटवून पाहिले. दार आपटून आपटून ते संध्याकाळच्या आत निघाले, आणि कंत्राटदार म्हणाला की नव्या घरात ठिगळे नकोत. कमी जोराचे नवे चुंबक आणावेत तर चुंबकवाला असलेले परत घेत नाही. कंत्राटदार मनाने बरा आहे. आणखी एक संधी देतो म्हणाला.

रात्री ह्यांनी जेवणाला नावे ठेवली नाहीत. मला पुन्हा काळजी लागली.

१५ तारीख, शनिवार

हवा दमट आहे. ह्यांनी नवे ठोकळे भरून ठेवले, पण गोंद वाळेना. आधीचे चुंबक उपटून काढायला हे पटाशी घेऊन इमारतीवर गेले. माझा आज पाव भाजायचा दिवस. पाव निघाला की ओव्हनमध्ये बरीच धग उरते आणि ती वाया घालवणे माझ्या जिवावर येते, म्हणून मी नेहमी तिच्यात काही ना काही वाळवते. आज मिठाचा वाडगा ठेवला, सासूबाईंचे ओले लोकरी मोजे ठेवले, आणि जागा होती म्हणून ठोकळ्यांचे ताटही सरकवले. मग देवासमोर बसून प्रार्थना केली, की बाबा, या चुंबकांची मस्ती जरा उतरव, जास्त नको, थोडी.

संध्याकाळी गोंद दगडासारखा झाला होता. मीठ मोकळे झाले. मोजे थोडे आखडले आहेत, ते सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.

१७ तारीख, सोमवार

देव आहे.

दारे टप्प करून मिटतात, एका बोटाने उघडतात. कंत्राटदारीणबाईने सगळी दारे दोन-दोनदा उघडून पाहिली आणि शेवटी नुसतीच मिटत उभी राहिली, आवाज आवडला म्हणून. कंत्राटदाराने विचारले, काका, तेच मॅग्नेट आणि वागणे इतके वेगळे कसे? ह्यांनी घसा खाकरून सांगितले, “त्याचं एक गणित आहे.” ह्यांचे कान लाल झाले होते. पण बसवताना चुंबक दोन सूत मागे घेतला होता, तेवढे खरे आहे. मी प्रार्थनेविषयी बोलले नाही. यश ह्यांचे दिसू दे.

आता महिनाअखेरीस घरे घेणारी सगळी मंडळी इमारत पाहायला येणार. तोवर दुसऱ्या मजल्यावरचे मोठे स्वयंपाकघरही असेच हवे. ते साधले की कागदावर सही.

२३ तारीख, रविवार

साधले नाही.

चुंबक तेच, गोंद तोच, दोन सूत मागे तेही तसेच, आणि दारे पुन्हा तिजोरीची. मागच्या आठवड्यातला पाव उरला होता म्हणून काल मी ओव्हन लावला नाही, ऊनही चांगले पडले होते, तेव्हा ठोकळे गॅलरीत वाळवले. प्रार्थना मात्र दुप्पट केली. तर चुंबक दुप्पट हट्टी. देवाला घासाघीस चालत नाही हे मला कळायला हवे होते.

हे दिवसभर कागदावर आकडे मांडत आहेत. दाराचे वजन, बिजागरीचा कोन, टिकलीची जाडी. मध्येच उठून घराची दिशा पाहून आले. भावोजींचा निरोप आला आहे की पहिल्या तारखेला नऊ वाजता या, किल्ली देतो.

२५ तारीख, मंगळवार

दुपारी जेवताना सासूबाईंची कात्री टोमॅटोच्या सूपमध्ये पडली. पातेले उतरवून शेगडीशेजारी खाली ठेवलेले, वर चुंबकावर कात्री, ती कशी कोण जाणे सुटली आणि थेट आत. सूप भिंतीवर, ह्यांच्या सदऱ्यावर आणि थोडे सासूबाईंच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा न पुसताच विचारले, “आता माझ्या कात्रीनं जीव द्यावा असं या घरात काय घडलं?”

ह्यांनी शेगडीच्या अंगावरून तो चुंबक काढला. तो चांगलाच तापला होता, ह्यांनी हात झटकला. मग फडक्यात धरून खिळ्याला लावून पाहिला. खिळा धरला, पण जीव नसल्यासारखा. हे बराच वेळ त्या चुंबकाकडे पाहत होते, मग ओव्हनकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि ताट तसेच टाकून गॅलरीत गेले. सदऱ्यावरचे डाग ह्यांना फार लागलेले दिसतात. थंड पाण्यात भिजवला आहे, निघतील.

भांडी घासताना माझ्या मनात आले की हा चुंबक तर त्याच खोक्यातला. मग हाच का नरमला? बाकीचे गॅलरीत वारा खात होते आणि हा रोज शेगडीची आच खात होता. आणि ते दुसऱ्या खेपेचे शहाणे ठोकळे, तेही तर...

माझ्या हातातली बशी फुटली. बारीक फुलांची होती, जोडीतली.

२६ तारीख, बुधवार

हे बाहेर गेल्यावर सासूबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, सांगतेस काय, करून बघ. पावाचा दिवस नव्हता, तरी पाव लावला. तो निघाल्यावर उरलेल्या धगीत दोन ठोकळे ठेवले, दोन बाहेर ठेवले. गार झाल्यावर आमच्या कपाटाच्या दाराला लावून पाहिले. बाहेरचे खवीस. आतले गरीब गाईसारखे. आणि गार झाल्यावरही गरीबच राहिले, जोर परत आला नाही.

म्हणजे देवाने माझे ऐकले होतेच. फक्त काम करायला त्याला ओव्हन लागला.

आता ह्यांना सांगायचे कसे? ह्यांनी चारचौघांत गणित सांगितले आहे. एवढे नकाशे काढणारा माणूस, त्याला कसे सांगू की तुमचे गणित म्हणजे माझे मीठ आणि सासूबाईंचे मोजे? वर्षभरात पहिल्यांदा ह्यांनी सरळ मानेने कुणाशी बोलणे केले आहे. मी सासूबाईंना म्हटले, नाही सांगायचे. रोज पाव करायचा आणि गुपचूप ठोकळे आत सरकवायचे.

“माझ्या पोराला काही कळत नाही असं वाटतं तुला?” त्या म्हणाल्या.

मी म्हटले, ह्या बाबतीत नाही. त्यांनी लोकर गुंडाळली आणि हसल्या. आईला मुलाचे कौतुक असायचेच.

२८ तारीख, शुक्रवार

ह्यांना भूक फार लागायला लागली आहे. आयुष्यात कधी पिठाच्या दुकानाची पायरी चढले नाहीत, आज पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन आले. स्वस्त होते म्हणाले. नव्हते. मग विचारले, आजही पाव करणार ना? उद्याही कर. मोठा कर. काळजीने माणूस खातो असे ऐकले होते ते खरे आहे.

आणि स्वभावही विसरभोळा झाला आहे. भरलेले ठोकळे ओव्हनच्या कट्ट्यावर मांडून ठेवतात. विचारले तर म्हणाले, “इथे ऊन छान येतं.” त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. पण माझ्या पथ्यावरच पडले, ताट उचलून आत सरकवायला दोन पावले वाचली. ओव्हनच्या दाराजवळ एक तापमापकही टांगला आहे, आईला उकडते का ते पाहायला. सासूबाई बसतात दुसऱ्या खोलीत. ह्यांचे बिचाऱ्यांचे मन दुसरीकडे आहे.

२९ तारीख, शनिवार

घोटाळा झाला. उद्याच मंडळी येणार म्हणून मी घाईत ताट जरा लवकर आत सरकवले आणि नंतर काढायचे विसरले, कारण भावोजी आले होते. ह्यांना उद्याच सोबत नेतो, म्हणजे पहिल्या तारखेची सवय होईल, म्हणत होते. ठोकळे काढले तर अगदीच मवाळ. दार मिटायचे, आणि शेजारून कुणी चालत गेले तरी आपोआप उघडायचे. मला रडू आले. ते मी कांद्यावर ढकलले.

हे आत आले. एक ठोकळा हातात घेऊन खिळ्याला लावला, ठेवला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “आजचा पाव जरा जास्त भाजला गेला वाटतं. थोडा आधी काढलास तर बरा होईल.”

मला राग आला. पाव उत्तम झाला होता, सोनेरी, कुठेही करपलेला नाही, आणि ह्यांनी तर त्याकडे बघितलेसुद्धा नव्हते. पण आज वाद घालायचा दिवस नव्हता. हे गॅलरीत जाऊन नवे ठोकळे भरू लागले. मी पुन्हा पीठ मळले. हा शेवटचा घाणा. बिघडला तर हे उद्या भावोजींबरोबर गेलेच.

या वेळी पाव काढून दार थोडा वेळ उघडे ठेवले, मग ताट आत सरकवले. सासूबाई चष्मा लावून ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, आत काय आहे ते मला माहीत नाही, मी नुसती बसले आहे. हे दोनदा पाणी प्यायला आत आले आणि दोन्ही वेळा तापमापक पाहून गेले. दुसऱ्या वेळी मोठ्याने म्हणाले, “आईला आता पुरेसं उकडलं असेल.” सासूबाई म्हणाल्या, हो रे बाबा, पुरे. म्हणून मी ताट काढले. योगायोग पाहा, अगदी वेळेवर निघाले.

३० तारीख, रविवार

इमारतीत माणसेच माणसे. भावोजीही आले, किल्ल्यांचा जुडगा खिशात वाजवत. मी मनातल्या मनात नाव घेत उभी होते.

कंत्राटदारीणबाईने पहिले दार करंगळीने ओढले. उघडले. सोडले, टप्प करून मिटले. शेजारचे, त्याच्या पलीकडचे, खालचे, वरचे. मग आलेल्या बायका पुढे सरसावल्या आणि स्वयंपाकघरात टप्प टप्प टप्प असा गारांचा पाऊस पडला. कुणाच्या हातात मूठ आली नाही. एक दांडगा गृहस्थ जोरात पाय आपटून गेला, तरी दार मिटलेलेच राहिले.

कंत्राटदाराने जागेवर सही केली आणि म्हणाला, “काका, आता तरी गणित सांगा.”

मी पुन्हा देवाचे नाव घेतले. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सासूबाईंकडे, आणि म्हणाले, “ते आमच्या घरात राहू द्या. सगळ्यांना कळलं तर पिठाचा भाव वाढेल.”

सगळे हसले, कुणालाच काही कळले नाही. ह्यांचे असे विनोद मला कधीच कळत नाहीत. कान मात्र या वेळी लाल झाले नाहीत, हे मी नीट पाहिले.

भावोजींनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि स्टुलाचे काय करू, विचारले. सासूबाई म्हणाल्या, “ठेव तिथेच. शुद्ध सागवानी म्हणून विकून टाक.”

१ तारीख, सोमवार

नऊ वाजता हे कुठेही गेले नाहीत. गॅलरीत गिरमिट घेऊन बसले आहेत आणि गुणगुणत आहेत. जेवणात मीठ जास्त होते, तसे लगेच बोलले. मला फार बरे वाटले.

सबंध इमारतीसाठी चुंबक पुष्कळ लागणार. म्हणून आज हे देवदर्शनाला गेल्यावर मी चुंबकवाल्याला पत्र लिहिले. जाण्याआधी ह्यांनीही माझ्याकडून त्याचाच पत्ता मागून घेतला, बोटाला शाई लागली होती. खोक्याच्या बांधणीबद्दल तक्रार करायची आहे म्हणाले. माझ्या पत्राची नक्कल खाली ठेवते.

‘सप्रेम नमस्कार. आपले चारशे चुंबक पोचले. चांगले आहेत, जरा जास्तच चांगले आहेत. असेच आणखी हवे आहेत. यापेक्षा कमी जोराचे आपल्याकडे मिळतात का? मिळत नसल्यास हेच पाठवावेत, परंतु त्यांना किती आच किती वेळ दिली असता जोर निम्म्यावर येऊन तिथेच थांबतो, ते आपल्या जाणकार माणसाला विचारून लिहावे. सध्या मी पावाच्या रंगावरून अंदाज घेते. पण आम्ही घरात तीनच माणसे आहोत आणि इमारत मोठी आहे, इतका पाव संपत नाही. या पत्राविषयी आमच्या ह्यांना काही कळू देऊ नये, त्यांना हा विषय ठाऊक नाही आणि माझी तशी इच्छाही नाही. त्यांचेही एक पत्र याच टपालाने आपल्याकडे येत आहे, ते बांधणीच्या तक्रारीचे आहे. त्याचे उत्तर वेगळ्या पाकिटात द्यावे, दोन्ही एकत्र घालू नयेत. माझे उत्तर सासूबाईंच्या नावाने पाठवावे. पुढच्या शनिवारी ओव्हन लावायचा आहे, तेव्हा कृपा करून उलट टपाली कळवावे.’